पत्र रुक्मिणीचे, गोष्ट कृष्णाची

आवडत्या जोडीची कथा ग्रंथात संपली तरी वाचकाच्या मनात संपत नाही. मग तो ती स्वतःच पुन्हा लिहू लागतो. आजची मुले याला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. नाव नवे असले तरी व्यवहार जुना आहे. मराठीत त्याचा पहिला मोठा बहर आला तो वऱ्हाडच्या एका लेकीभोवती. वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरची रुक्मिणी आणि तिने निवडलेला द्वारकेचा कृष्ण या जोडीला आपल्या कवींनी सारखा न्याय दिला का, हे येथे पाहायचे आहे.

आधी मूळ कथा पाहू. भागवताच्या दशम स्कंधात ५२ ते ५४ या अध्यायांत ती येते. भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवतो. रुक्मिणी एका ब्राह्मणाकरवी कृष्णाला सात श्लोकांचा निरोप धाडते. परंपरेने त्यालाच पत्र मानले. त्यात प्रेम आहे आणि बेतही आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी वधू नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते. तेथून मला न्यावे, म्हणजे अंतःपुरात शिरून आप्तांना मारावे लागणार नाही, असे ती सुचवते. दिवस, जागा, रीत सारे तिने ठरवलेले आहे. आणि कृष्ण ब्राह्मणाला सांगतो, तिच्या विचाराने मलाही रात्री झोप येत नाही. येथवर पारडी सारखी आहेत.

पुढे मात्र एक पारडे झुकते. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (सुमारे इ. स. १२९२) आजही ओळखले जाते ते रुक्मिणीच्या विरहवर्णनासाठी. कृष्णाच्या त्या जागरणासाठी ओळखले जाणारे एखादे मराठी काव्य मात्र ऐकिवात नाही. तिचे झुरणे वाढले आणि तिचा बेत मागे पडला. नावांतही हेच दिसते. नरेंद्र आणि एकनाथ ‘स्वयंवर’ म्हणतात, म्हणजे निवड तिची. सामराजाच्या काव्याचे नाव ‘रुक्मिणीहरण’. अमरावतीच्या अंबादेवीची आख्यायिकाही कृष्णाने रुक्मिणीला येथून नेले अशीच सांगितली जाते. तिने बोलावले होते हे सांगायचे राहून जाते. भास्करभट्ट बोरीकरांच्या काव्याला तर नाकारलेल्या वराचे नाव मिळाले, ‘शिशुपाळवध’! त्यात या दांपत्याचा शृंगार रंगला, तेव्हा ग्रंथ चांगला असला तरी विरक्तांच्या कामाचा नाही असा अभिप्राय त्यांना पंथातूनच मिळाला, आणि त्यांनी ‘उद्धवगीता’ लिहिली, अशी कथा आहे. पत्नीच्या जागी शिष्य आला.

हे रुक्मिणीवरील प्रेम कमी पडल्यामुळे झाले का? मला तसे वाटत नाही. भक्त कवी रुक्मिणीकडे पाहत नाही; तो तिच्या जागी बसून कृष्णाकडे पाहतो. महानुभावांना द्वारकेचा श्रीकृष्ण पंचकृष्णांपैकी एक, साक्षात परमेश्वर. आणि त्यांच्या मते जीव व परमेश्वर कायमचे वेगळे. मग जोडी बरोबरीची कशी होणार? एकनाथ अद्वैती. काशीत शके १४९३ मध्ये (इ. स. १५७१) पूर्ण झालेल्या त्यांच्या अठरा प्रसंगांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त हे लग्न जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक होते. पण ऐक्य झाले तरी जीव कोण आणि शिव कोण, हे ठरलेलेच आहे. ज्या पात्रात लेखक स्वतः शिरतो त्याला तळमळ भरपूर मिळते; त्याचे वेगळे मत मात्र उरत नाही.

याला वेगळा सूर लावते ती महदंबा. अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने तिने धवळे गायिले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. ती लग्नघरात गायची असतात. त्यामुळे येथे रुक्मिणी रूपक होण्याआधी लग्नघरातली मुलगी असते. लीळाचरित्रातली महदंबा चक्रधरांना सतत प्रश्न विचारणारी आहे, हेही विसरू नये.

आधुनिक काळात शिवाजी सावंतांनी ‘युगंधर’मध्ये रुक्मिणीला निवेदन दिले. आवाज मिळाला, केंद्र मात्र ग्रंथाच्या नावाप्रमाणे कृष्णच राहिला.

हा प्रश्न केवळ काव्यापुरता नाही. चांगला नवरा मिळावा म्हणून उपवर मुलींनी एकनाथांची पोथी वाचण्याचा प्रघात अकोला-अमरावतीकडेही आहे. म्हणजे वडीलभावाने ठरवलेले स्थळ नाकारणाऱ्या मुलीची कथा, घरच्यांनी ठरवलेले स्थळ लवकर यावे म्हणून वाचली जाते. पत्र मुलीच्या हातात असते. ते बेत म्हणून वाच, असे तिला कोणी सांगत नाही.

स्वयंवरकाव्ये लग्नाशी थांबतात, हेही नुकसानच. भागवतात या दोघांचा खरा संवाद लग्नानंतर, साठाव्या अध्यायात येतो. कृष्ण थट्टेने म्हणतो, आम्ही निर्धन, शत्रूंच्या भयाने समुद्राचा आसरा घेतलेले. तू दुसरा कोणी राजा निवड. तिच्या हातातला पंखा गळतो, ती कोसळते. तो धावत येऊन सावरतो, थट्टा होती असे सांगतो. मग ती सावध होऊन त्याच्या एकेका वाक्याचा अर्थ उलटवून उत्तर देते. येथे कृष्ण चुकतो, आणि रुक्मिणी युक्तिवाद करते. सातशे वर्षांच्या कौतुकात दोघांच्याही वाट्याला जे कमी आले, ते सारे या एका अध्यायात आहे. पोथीचे पारायण संपल्यावर तो अध्याय मोठ्याने वाचण्याची प्रथा वऱ्हाडाने, म्हणजे रुक्मिणीच्या माहेराने, सुरू करायला हरकत नाही.