मजकुराविना आराखडा : संकेतस्थळ-रचनेच्या पदव्युत्तर अभ्यासाची चिकित्सा

संकेतस्थळाची रचना शिकताना विद्यार्थ्याच्या हाती प्रथम जो मजकूर पडतो, तो बहुधा निरर्थक असतो. ‘लोरेम इप्सम’ने सुरू होणारा हा उतारा सिसेरोच्या लॅटिन ग्रंथातील वाक्ये मोडूनतोडून बनलेला आहे. वाचकाचे लक्ष अर्थाकडे न जाता मांडणीकडे जावे, एवढाच त्याचा हेतू. छपाईच्या नमुन्यापुरता तो ठीक होता. पदव्युत्तर वर्गात मात्र त्याने एक समजूत पक्की होते : आधी आराखडा, मग मजकूर.

या विषयाच्या मान्यवर ग्रंथांचे म्हणणे नेमके उलट आहे. माहितीच्या रचनेवर १९९८ मध्ये लिहिणारे रोझेनफेल्ड आणि मोरव्हिल हे मुळात ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी. जेसी जेम्स गॅरेट यांनी २००२ च्या पुस्तकात पाच स्तर मांडले. त्यांत उद्दिष्ट तळाशी आणि रंगरूप सर्वांत वर आहे. क्रिस्टिना हॅल्व्होर्सन यांच्या २००९ च्या पुस्तकाचा भर मजकूर कोण लिहिणार, कोण तपासणार आणि शिळा झाल्यावर कोण काढणार, यावर आहे. आपल्या रंगनाथनांनी तर १९३३ मध्येच एका विषयाकडे अनेक पैलूंनी पाहणारे वर्गीकरण दिले होते. आज आपण खरेदीच्या संकेतस्थळावर किंमत, रंग, माप अशा चाळण्या लावतो, त्यामागचा विचार याच जातीचा आहे.

तरीही ही पाश्चात्त्य पुस्तके जशीच्या तशी शिकवून भागत नाही. त्यांच्यासमोर इंग्रजी वाचक आहे. मराठी मजकूर हाती घेतला की वेगळेच प्रश्न उभे राहतात. रोमन अक्षरांच्या हिशेबाने ओळींतले अंतर ठरवले, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा, रफार एकमेकांना भिडतात. पानाची भाषा मराठी आहे हे संकेतावलीत सांगितले नाही, तर ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणे फाँटमध्ये असूनही हिंदी वळणे उमटू शकतात. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ‘क्ष’ शेवटी येतो. यंत्राच्या साध्या क्रमवारीत तो ‘क’मध्ये जाऊन बसतो, कारण युनिकोडच्या लेखी तो ‘क’ आणि ‘ष’ यांचा जोड आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न शोधाचा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हा दुसरा शब्द दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच. यंत्राला मात्र त्या दोन वेगळ्या अक्षरमालिका. त्यांचा मेळ घालून ठेवला नसेल, तर एका पद्धतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला लेख सापडणारच नाही. शेतकऱ्यांसाठीच्या योजनेचे पान असेच हरवले, तर मुखपृष्ठाच्या देखणेपणाचा त्या शेतकऱ्याला काय उपयोग? आणि ही चूक निरर्थक लॅटिन उताऱ्यात कधीच दिसणार नाही.

यावर एक आक्षेप येतो : नोकरीच्या बाजारात साधनांचे कौशल्य लागते, व्याकरण नव्हे. आक्षेप खोटा नाही. विद्यार्थ्याला पोट आहे. परंतु साधनांचे आयुष्य किती? एके काळी वर्गावर्गांत शिकवल्या जाणाऱ्या फ्लॅशचा आधार अडोबीने २०२० च्या अखेरीस काढून घेतला. त्याच काळात रंगनाथनांचा विचार मात्र जुना झाला नाही. साधन पदविकेतही शिकता येते. पदव्युत्तर पदवीने त्यापलीकडचे काही द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

म्हणून प्रबंधाचे स्वरूपच बदलायला हवे. दहा आकर्षक पडद्यांच्या चित्रांऐवजी एका ग्रामपंचायतीचे, वाचनालयाचे किंवा जुन्या नियतकालिकाचे खरे संकेतस्थळ विद्यार्थ्याने उभारावे. मजकूर आधी वाचावा, वर्गीकरण करावे, मग रेषा आखाव्यात. परीक्षकाने सोबत एक सामान्य वाचक बसवावा, त्याला एक साधी माहिती शोधायला सांगावी आणि गुण देण्याआधी ती सापडते का, ते शांतपणे पाहावे.