कलावंत आणि मालक

कलावंत नोकरी का धरीत नाही, या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे : तो मनस्वी असतो, त्याला बंधन सोसत नाही. पांढरपेशा टीकाकाराने हे उत्तर स्वतःच्या वर्गाकडे पाहून काढले आणि पुढे आमच्या शाहिरांना, कव्वालांना, बँडवाल्यांनाही लावले. अमरावती-अकोल्याकडे वाढलेल्या मला ते पटत नाही.

वऱ्हाडातल्या खेड्यात भूमिहीनाला वर्षभराची म्हणून जी नोकरी मिळे ती सालदाराची. उचल आधीच घरात खर्च झालेली, आणि कामाला ना वेळ ना सुटी. माझे वडील सालदार होते. मालकाची हाक आली की ते जेवणावरून उठत. पुढे ते अकोल्याला जिनिंगमध्ये हमालीला लागले. काम हंगामापुरते, पण संध्याकाळी घरी परतणारा बाप आम्ही तेव्हा प्रथम पाहिला. थोरला भाऊ कव्वालीची पार्टी घेऊन गावोगाव हिंडतो. इसार घेतो, पेटीवाल्याचे-ढोलकीवाल्याचे पैसे भागवतो, उरले तर घरी आणतो. पावसाळ्यात काही उरत नाही. नोकरी का धरली नाही, असे मी त्याला एकदा विचारले. तो म्हणाला, "बाले मालक जशा हाका मारे, तशा मले कोनी मारू नये." जिल्हा परिषदेत शिपायाच्या जागेसाठी त्याने दोनदा अर्ज केला होता, हे मात्र त्याने सांगितले नाही. म्हणजे त्याला नकोसा आहे तो मालक, पगार नव्हे.

बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या, होऊ न शकलेल्या भाषणात जात ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असे दाखविले. धंदा बदलू न देणारी जात बेकारीलाही कारण होते, हेही तिथेच आहे. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते विचारतात की, पोटासाठी काम मागणाऱ्या बेकाराला मूलभूत हक्कांची मातब्बरी कितीशी राहील? स्वयंरोजगाराची स्तुती करणाऱ्यांनी ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. कारण स्वतःचा धंदा आम्हांला नवा नाही. बलुतेदाराचे हत्यार त्याचेच होते, भाव मात्र गाव ठरवी. डफडे वाजविणाऱ्याच्या मुलाने बँड काढला, तर त्याने धंदा निवडला की तोच धंदा गणवेश घालून त्याच्या दारी आला, हे एकेका घरात जाऊन तपासावे लागेल.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतील नायकाला तर रेल्वेची नोकरी आहे. तरी खोली मिळावी म्हणून त्याला जात लपवावी लागते. तिच्यातला विद्रोह आपण पुष्कळ वाचला. पगार आणि खोली यांच्यातले अंतर, माझ्या मते, तेवढे वाचले नाही. नोकरी सोडणाऱ्याला लहरी म्हणण्यापूर्वी ते अंतर मोजायला हवे.

मी स्वतः प्राध्यापक म्हणवतो, पण तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे, आणि तेही महिनोन्महिने थकतात. एप्रिलमध्ये माझे तास संपलेले असतात. त्याच दिवसांत जयंतीच्या कार्यक्रमांनी भावाची वही भरते, आणि घरातले धान्य त्याच्या बिदागीतून येते.