सफारीची नवी आवृत्ति

एखाद्या लोकप्रिय ग्रंथाची ‘सुधारून वाढविलेली’ आवृत्ति निघाली, कीं जुन्या वाचकांत दोन तट पडतात. एका तटास नवा कागद, सुबक मुद्रण आणि वाढलेलीं प्रकरणें आवडतात. ज्या प्रकरणासाठीं ग्रंथ संग्रहीं ठेवावयाचा तेंच गाळलें म्हणून दुसरा तट हळहळतो. पुष्कळदां हे दोन्ही तट एकाच वाचकाच्या मनांत नांदत असतात. टाटा मोटर्सच्या ‘सफारी’ या मोटारीची जी नवी घडण २०२१ सालीं बाजारांत आली, तिच्याविषयीं यवतमाळ जिल्ह्यांतील सफारीधारकांचीं मतें ऐकतांना आम्हांस याच अनुभवाची आठवण झाली. मोटार ही वाङ्मयकृति नव्हे, हें खरें. परंतु तीहि मनुष्याच्या कल्पनेनें घडविलेली कृति आहे. तिलाहि नांव, रूप आणि आशय असतो. आणि सुशिक्षित कुटुंबें ग्रंथांपेक्षां कितीतरी अधिक पैसा व अभिमान तिच्यांत गुंतवितात. तेव्हां तिचें परीक्षण या पानांत करण्यास हरकत नसावी.

प्रथम मूळ कृतीकडे वळूं. पूर्वीच्या टेल्को कंपनीनें १९९१ सालीं ‘सिएरा’ आणि १९९४ सालीं ‘सुमो’ काढली. आणि १९९८ सालीं पुण्याच्या कारखान्यांतून ‘सफारी’ बाहेर पडली. दोन लांब पोलादी तुळया व त्यांना जोडणारे आडवे दांडे असा शिडीसारखा चेसिस, त्यावर बसविलेली उंच काया, मागील बाजूस पायरीसारखें चढलेलें छप्पर, पाठीवरील दारास लटकविलेली स्टेपनी, आणि ज्यास हवी असेल त्यास चारही चाकांना जोर पुरविणारी ‘फोर-बाय-फोर’ची सोय, हें तिचें स्वरूप. दोष तिच्यांत होते. वळणावर ती डोले, आणि डिझेल पिण्यांत ती संयमी नव्हती. परंतु तिच्या आसनावर चढून बसलें, कीं धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी दिसे, आणि ‘डांबर संपलें तरी आपण थांबणार नाहीं’ असा एक धीर मनास येई. २०१२ सालीं ‘स्टॉर्म’ या रूपांत स्टेपनी पाठीवरून पोटाखालीं गेली, तेव्हांहि थोडी कुरकुर झाली होती. पण आशय तोच राहिला. २०१७ सालीं भारतीय सैन्यानें ३,१९२ स्टॉर्म गाड्यांची मागणी नोंदविली, याहून तिच्या कणखरपणाची निराळी साक्ष नको. पुढें २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें.

तिच्या नांवाविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. ‘सफर’ हा मूळचा अरबी शब्द मराठींत जुनाच आहे. तोच पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंत ‘सफारी’ झाला, तेथून इंग्रजींत गेला, आणि पुण्यांत बनलेल्या मोटारीवर बसून आपल्या घरीं परत आला. यवतमाळकरांना तर या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. पांढरकवड्याजवळील टिपेश्वरच्या अभयारण्यांत सफारी म्हणजे धुळीच्या वाटेनें रानांत शिरणें. त्याच टिपेश्वरांतून २०१९ सालीं एक तरुण वाघ निघाला, विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाची सीमा तुडवीत हिंडला, आणि अखेर बुलढाण्याकडील ज्ञानगंगेच्या रानांत विसावला. गळ्यांतील रेडिओ-पट्ट्याच्या नोंदींत त्याची भटकंती ३,००० किलोमीटरांवर भरली. सफर म्हणावी ती त्याची! ज्या जिल्ह्यांत या शब्दास एवढें वजन आहे, तेथील माणूस तें नांव मोटारीवर वाचून कांहीं अपेक्षा धरील, तर त्यांत नवल तें काय?

आतां नवी आवृत्ति. २०२० सालच्या फेब्रुवारींत ग्रेटर नोएडा येथील वाहन-प्रदर्शनांत कंपनीनें सात आसनांची एक नवी मोटार मांडली. तिचें नांव ‘ग्रॅव्हिटास’ असें होतें. वर्षभरानें, २०२१च्या जानेवारींत, तें बदलून तिला ‘सफारी’ म्हणण्यांत आलें, आणि २२ फेब्रुवारीस ती विक्रीस आली. आमच्या मतें सर्व वादाचें मूळ या क्रमांत आहे. आपल्याकडे गेलेल्या आजीचें नांव नातीस ठेवण्याची चाल आहे. ती गोड आहे. पण नांवाबरोबर आजीचा स्वभाव नातीस येतोच असें नाहीं.

ही नात गुणी आहे, याविषयीं मात्र शंका नको. तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या ‘डी-८’ या सांगाड्यावरून उतरलेला आहे. त्यांत निराळा चेसिस नाहीं. सर्व कायाच भार पेलते. त्यामुळें ती वळणावर डोलत नाहीं आणि वेगांतहि स्थिर राहते. १७० अश्वशक्तीचें डिझेल एंजिन, मोठ्या काचेचें छत, फिकट रंगाचीं मऊ आसनें, सुरेल ध्वनियंत्रणा असा तिचा थाट आहे. २०२३ सालच्या ऑक्टोबरांत तिचा चेहरा पुन्हां बदलला, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणींत प्रौढ व बालक या दोहोंच्या रक्षणासाठीं तिला पांच तारे मिळाले. नातवंडांना मागच्या आसनावर बसवून नागपुरास जाणाऱ्या आजोबांच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे.

मग उणीव कोणती? एकच, पण ती मर्मावरची आहे. २०२१च्या सफारींत एंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना मिळतो. ‘फोर-बाय-फोर’ची सोय, अधिक पैसे मोजण्यास तयार असलेल्या ग्राहकासहि, देण्यांत आली नाहीं. रस्त्याच्या जातीप्रमाणें निवडावयाचे निरनिराळे ‘मोड’ आहेत खरे. परंतु ज्या चाकांना जोरच पोंचत नाहीं त्यांना मोडाचा उपयोग काय? भरलेली गाडी चढावर लागली, कीं भार मागें सरतो, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि नेमकीं तींच घसरूं लागतात, हें यंत्रशास्त्र कोणताहि मिस्त्री सांगेल.

जिनिंगवाले, वकील, डॉक्टर, ठेकेदार, पुसद-दिग्रसकडील बागायतदार अशा निरनिराळ्या मालकांच्या बोलण्यांत म्हणूनच एकाच वाक्यांत स्तुति आणि खंत येते. ‘गाडी झकास आहे, पण सफारी नाहीं,’ हा त्या सर्वांचा गोषवारा. घरांतील स्त्रिया व वृद्ध मंडळी मात्र नव्या गाडीच्याच बाजूचीं आहेत. जुन्या गाडींत चढणें हें त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक आहे. आणि त्यांचें मत गौण मानण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

जुन्या मालकांची ही खंत म्हणजे केवळ गतकालाचा मोह आहे, असें कोणी म्हणतील. हा आक्षेप तपासून पाहिला पाहिजे. २००८ सालापासून टाटांच्याच घरीं नांदत असलेल्या लँड रोव्हरची ‘डिफेंडर’ गाडी २०१६च्या जानेवारींत बंद झाली आणि २०१९ सालीं नव्या रूपांत प्रकट झाली. तिचाहि शिडीचा चेसिस गेला, कोनदार काया गोलावली, आणि जुने भक्त संतापले. परंतु चारही चाकांचा जोर तिच्यांत कायम राहिला. इकडे नाशिकला बनणारी महिंद्राची ‘थार’ २०२० सालीं नव्यानें घडविली गेली; ती अधिक सुखाची झाली, पण चेसिस व फोर-बाय-फोर दोन्ही घेऊन आली. या दोन उदाहरणांवरून रूपाचा बदल आणि सामर्थ्याचा लोप या दोन गोष्टी निराळ्या ठरतात. पहिल्याबद्दलची हळहळ काळ भरून काढतो. दुसरीबद्दलची तक्रार रास्त आहे. कारण नांव हें वचन असतें, आणि जुन्या नांवाची कीर्ति वापरणारानें त्या नांवाचें देणेंहि फेडलें पाहिजे.

परंतु मालकांसहि एक प्रश्न विचारल्याशिवाय हें परीक्षण पुरें होणार नाहीं. जुन्या सफारीच्या किती मालकांनीं ती चार चाकांची कळ खरोखर फिरविली? पुष्कळांच्या गाडींत ती सोय नव्हतीच. ज्यांच्या होती त्यांपैकीं अनेकांची गाडी कचेरी, लग्नमंडप आणि नागपूरचा हमरस्ता यांपलीकडे क्वचितच गेली. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांमधील आमच्या या जिल्ह्याची काळी माती पावसांत फुगते, चाकास लाडवासारखी चिकटते, आणि शेताकडे जाणारी पांदण आषाढापासून दिवाळीपर्यंत चिखलाचा ओढा होऊन राहते. त्या पांदणींतून रोज जाणारे निराळेच आहेत: बैलबंडी, ट्रॅक्टर, आणि डोक्यावर गाठोडें घेतलेली मजूर स्त्री. सफारी बहुधा डांबरावरच उभी राही आणि मालक पुढें ट्रॅक्टरवर बसून शेतास जाई. ज्यास बिकट वाटेची गाडी खरोखर हवी त्यास ती परवडत नाहीं. ज्यास परवडते त्यास ती वाट टाळतां येते. कंपनीनें हिशेब केला असेल, तर तो याच गोष्टीचा केला असावा.

तरीहि तो हिशेब आम्हांस अपुरा वाटतो. एखादी शक्ति रोज वापरली जात नाहीं म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीं. श्रावणांतल्या एका रात्रीं आडगांवच्या वस्तींतून अडलेल्या बाळंतिणीस तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें असतें, तेव्हां गांवांत एक तरी गाडी अशी असावी लागते, जी चिखलास पाठ दाखवीत नाहीं. अशा रात्रीं गांव कोणाच्या दारीं जाईल, हें सफारीच्या मालकास पक्कें ठाऊक असे. त्याच्या अभिमानांत दिखाऊपणा होता, तसा या जबाबदारीचाहि अंश होता; आणि आज हरवलेला आहे तो हाच अंश. तो नीट शब्दांत सांगतां येत नाहीं म्हणून मालक स्टेपनी आणि छपराच्या पायरीवर बोलत राहतात.

एकंदरींत, २०२१ची सफारी ही उत्तम कौटुंबिक मोटार आहे. सफारी या नांवाची मात्र ती अर्धीच वारस आहे. उरलेलें अर्धें देणें अशक्य नव्हतें. २०२५ सालीं त्याच घराण्यांतील विजेवर चालणाऱ्या ‘हॅरियर’ला पुढें एक व मागें एक अशीं दोन विद्युत्-यंत्रें बसवून चारही चाकांना जोर देण्यांत आला. पुढील आवृत्ति काढतांना संपादकांनीं गाळलेलें प्रकरण परत घालावें. हवें तर परिशिष्ट म्हणून, वेगळी किंमत लावून, पण घालावें.

आणि दुसरीहि एक गोष्ट आहे. ज्या २०२१ सालीं सफारीनें बिकट वाट सोडली, त्याच सालीं राज्य सरकारनें शेत-पांदण रस्त्यांसाठीं मातोश्री ग्रामसमृद्धि योजना काढली. त्या योजनेचा मुरूम आणि खडी शेवटच्या धुऱ्यापर्यंत पोंचली, तर मालकांची ही खंत आपोआप विरून जाईल, आणि ती तशी विरून गेल्यास आम्हांस आनंदच होईल. तोंवर मात्र, पावसाळ्यांत पांदणीच्या तोंडाशीं थांबलेल्या सात आसनांच्या त्या देखण्या गाडीस पाहून कोणी ‘पण ही सफारी नाहीं’ असें म्हणाला, तर त्याचें म्हणणें खोटें ठरवितां येणार नाहीं.