तारणाची खात्री आणि आशेचा प्रश्न : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचे एक वाचन

ख्रिस्ती धर्मविचारात श्रद्धेने प्राप्त होणाऱ्या तारणाची खात्री हा जितका आश्वासक, तितकाच वादग्रस्त सिद्धांत आहे. मनुष्य स्वतःच्या कृत्यांनी नव्हे, तर ख्रिस्तावरील श्रद्धेने नीतिमान ठरतो, हे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील प्रतिपादन मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या केंद्रस्थानी आणले. त्यावर रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत, १५४७ मध्ये, आपण तारले गेलोच आहोत असा निःशंक भरवसा बाळगणे हा दर्प होय, अशी भूमिका घेतली. पुढे प्रॉटेस्टंट पंथांमध्येही एकवाक्यता राहिली नाही. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी ही खात्री ईश्वराच्या निवडीत पाहिली, तर १७३८ मध्ये लंडनमधील एका सभेत जॉन वेस्लीला ती अंतःकरणाच्या अनुभवात लाभली. हा वाद युरोपातील धर्मपंडितांचा म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तथापि पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी १९०७ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केलेले आत्मनिवेदन, म्हणजे अक्षय ठेव्याविषयीची त्यांची ‘साक्ष’, वाचताना हाच प्रश्न एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात किती निकडीचा होता, हे ध्यानात येते.

रमाबाईंवरील आधुनिक लेखनाने त्यांच्या धर्मांतराकडे प्रामुख्याने सामाजिक बंड म्हणून पाहिले आहे. उमा चक्रवर्ती यांचा १९९८ चा ग्रंथ आणि मीरा कोसंबी यांनी २००० मध्ये सिद्ध केलेले रमाबाईंच्या लेखनाचे संकलन यांनी विस्मरणात गेलेल्या या विदुषीला अभ्यासाच्या मध्यभागी आणले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचे पाऊल म्हणून २९ सप्टेंबर १८८३ चा वाँटेज येथील बाप्तिस्मा जेवढा चर्चिला जातो, तेवढे लक्ष त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अनुभवाकडे जात नाही. स्वतः रमाबाई मात्र ‘साक्षी’त या दुसऱ्या अनुभवाला निर्णायक मानतात. आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण ख्रिस्त लाभला नव्हता, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. बाप्तिस्मा झाला, बायबल वाचून झाले, ‘शारदा सदन’सारखी संस्था उभी राहिली, तरीही मनाला स्वस्थता नव्हती. ही अस्वस्थता कशाची होती, हा खरा प्रश्न आहे.

तिची मुळे ‘साक्षी’च्या पूर्वार्धात सापडतात. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थाटन करीत, देवळांच्या आवारात पुराणे वाचीत जगत असे. मिळेल ते दानधर्मात, देवकार्यात खर्ची पडे. १८७० च्या दशकातील दुष्काळात संचित संपले. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागणे मानहानीचे, अशा अवस्थेत घर उपाशी पडले. वृद्ध पित्याच्या मनात जलसमाधीचा विचार आला, आणि मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखविल्यावर तो मागे पडला. थोड्याच काळात पिता, माता व थोरली बहीण एकामागून एक गेली. हे सारे रमाबाई आक्रोश न करता सांगतात. व्रते, जप, प्रदक्षिणा, दक्षिणा यांची जंत्री त्या देतात. आणि अखेरीस एवढ्या पुण्यसंचयानंतरही देवता प्रसन्न झाल्याची खूण मिळाली नाही, एवढेच नोंदवितात. पुण्याचा हिशेब कधीच पूर्ण होत नाही, कितीही घातले तरी पारडे झुकले की नाही हे कळत नाही, हे भय या कथनाच्या तळाशी आहे. ल्यूथरच्या मठातील उपास-तापास आणि डोंगरे कुटुंबाची तीर्थयात्रा यांत वरवर काहीच साम्य नाही. पण प्रयत्नांच्या अंती हाती येणारी अनिश्चितता मात्र एकाच जातीची आहे.

त्यात रमाबाईंच्या बाबतीत आणखी एक अडसर होता. १८७८ मध्ये त्या बंधूसमवेत कलकत्त्यास पोहोचल्या, तेथे त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या आणि पुढे धर्मशास्त्रग्रंथांचा अभ्यास घडला. त्या अभ्यासाचे फलित त्या कठोर शब्दांत सांगतात : इतर बाबतींत परस्परविरोधी असलेले ग्रंथ स्त्रीजातीची निंदा करण्यात आणि तिला पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाकारण्यात एकमुखी आहेत. येथे ‘अधिकार’ हा शब्द कळीचा ठरतो. पुण्याचा हिशेब अपुरा आहे ही एक अडचण. हिशेबाची वहीच आपल्या नावावर नाही, ही त्याहून मोठी. श्रद्धेने तारण या सिद्धांताचे त्यांना वाटलेले आकर्षण या दुसऱ्या अडचणीच्या संदर्भात समजून घ्यावे लागते. श्रद्धेला अधिकारभेद नाही. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणारा येशू त्यांना जवळचा वाटला, तो याच कारणाने.

(या ठिकाणी एक उणीव नमूद करणे आवश्यक आहे. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांच्या परंपरेने अधिकारभेदाला दिलेले उत्तर ‘साक्षी’त विचारातच घेतलेले नाही. रमाबाईंचे बालपण संस्कृत पुराणिकीच्या वातावरणात, बव्हंशी महाराष्ट्राबाहेर गेले, हे त्याचे एक कारण असू शकेल. पण १९०७ मध्ये लिहिताना ते अज्ञान असणे संभवत नाही. तेथे निवड आहे.)

मग बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे कशी समजावयाची? वाँटेजच्या भगिनी अँग्लिकन चर्चच्या उच्च परंपरेतील होत्या. संस्कारविधी, चर्चचा अधिकार, क्रमाने घडणारे पावित्र्य यांवर त्या परंपरेचा भर. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहात उपलब्ध आहे. भारतीय पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरविल्यावर तसेच दुसरे जू मानेवर घेण्यास आपण तयार नाही, हा त्यांचा पवित्रा त्यांत स्पष्ट दिसतो. म्हणजे नव्या धर्मातही ‘अधिकार’ कोणाचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभाच होता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले, ते या पार्श्वभूमीवर. कॉर्नवॉलमधील हा पाद्री १८५१ मध्ये प्रवचन देत असता स्वतःच पालटला, अशी त्याची कथा. दीक्षित उपदेशकालाही अनुभव उरलेला असू शकतो, हे त्यातून रमाबाईंना उमगले असावे. मध्यस्थाविना, आत्ता, या जन्मी तारण मिळाले आहे, अशी खात्री त्यांना यानंतर लाभली.

मराठीत या ठिकाणी शब्दांचा एक गुंता आहे. ख्रिस्ती मराठीत ‘तारण’ म्हणजे पापापासून सुटका. व्यवहारात ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी सावकाराकडे ठेवलेली वस्तू. हा योगायोग खरा, पण पौलही पवित्र आत्म्याला वारशाचा इसार म्हणतो, तेव्हा बाजारातील ग्रीक शब्दच वापरतो. सौदा पुरा व्हावयाचा आहे, रक्कम मात्र हातात पडली आहे. ख्रिस्ती आशा ती हीच. ‘आशा’ या शब्दाची अडचण तर याहून मोठी. आपल्या वैराग्यपर वाङ्मयात आशा हा पाश आहे, सोडावयाची गोष्ट आहे. ख्रिस्ती विचारात ती श्रद्धा व प्रीती यांच्या पंक्तीला बसते, इब्री लोकांस पत्रात तर जिवाचा नांगर होते. संस्कृतात मुरलेल्या रमाबाईंना हे अंतर नक्कीच जाणवत असणार. हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे सोपे मराठी भाषांतर हाती घेतले, ते सामान्य स्त्रियांना कळावे म्हणून. असे असूनही केडगावच्या आश्रमाला नाव दिले ‘मुक्ती’. नाकारलेल्या परंपरेतील हा शब्द त्यांनी सोडला नाही.

‘साक्ष’ या वाङ्मयप्रकाराचे काही संकेत आहेत. पूर्वीचा अंधार आणि नंतरचा प्रकाश असे दोन भाग त्यात अपेक्षित असतात. १९०५ मध्ये मुक्तिसदनात झालेल्या धार्मिक जागृतीनंतर दोनच वर्षांनी रमाबाई लिहीत आहेत. त्यामुळे गतकाळाची मांडणी त्या जागृतीच्या उजेडात झाली आहे, हे उघड आहे. १८८० च्या दशकातील पत्रांतील प्रश्न विचारणारी, वाद घालणारी, चर्चच्या मतांपैकी काही स्वीकारून काही नाकारणारी रमाबाई येथे बरीचशी पुसली गेली आहे. वाङ्मयीन दृष्ट्या ही हानीच होय. खात्रीचा आणखी एक परिणाम व्यवहारात दिसला. ‘शारदा सदन’ धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, त्यावरून १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींवर सक्ती नव्हती, ही रमाबाईंची बाजू खोटी म्हणता येत नाही. परंतु ज्या व्यक्तीला तारणाची खात्री पटली आहे, तिची उघड्या दाराआडची प्रार्थना तटस्थ कशी राहावी? हा पेच रानड्यांनाही सुटला नाही आणि रमाबाईंनाही.

याहून अवघड पेच मात्र घरातला आहे. तारण केवळ ख्रिस्तावरील श्रद्धेने होत असेल, तर अनंतशास्त्र्यांचे काय? पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल समाजाचा रोष पत्करणारा, मरताना मुलीला जवळ घेऊन ईश्वराची सेवा करीत राहा असे सांगणारा हा पिता ख्रिस्ती झाला नव्हता. साक्षीच्या संकेताप्रमाणे त्याला अंधाराच्या बाजूला ठेवावे लागते. रमाबाई तसे करीत नाहीत, आणि सिद्धांत मोडून त्याला तारलेही म्हणत नाहीत. त्याला खरा देव ठाऊक नव्हता, पण जो त्याला अज्ञात होता त्याचीच त्याने जिवाभावाने सेवा केली, अशा आशयाचे त्या लिहितात. ही शब्दयोजना प्रेषितांच्या कृत्यांतील अथेन्सच्या प्रसंगाची आठवण करून देते. तेथे पौलाला अज्ञात देवाला वाहिलेली वेदी आढळते आणि तो तिच्या पूजकांचा धिक्कार करीत नाही. संपूर्ण ‘साक्षी’त स्वतःविषयी निःशंक असणारी लेखणी येथेच तेवढी थबकते. स्वतःपुरती खात्री आहे, पित्यापुरती केवळ आशा. बायबलच्या भाषांतराचे काम रमाबाईंनी एप्रिल १९२२ मधील मृत्यूपर्यंत चालविले. अज्ञात देवाच्या त्या वेदीचा उतारा ग्रीकमधून मराठीत आणण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला आले होते.