'कँटस आर्क्टिकस' : गूढतेचा शोध

फिनलंडचे रचनाकार एइनोयुहानी राउतावारा (१९२८–२०१६) यांच्या वाद्यवृंदसंगीताला सरसकट 'गूढवादी' म्हटले जाते. ही गूढता नेमकी कशातून निर्माण होते, हे 'कँटस आर्क्टिकस' (१९७२) या रचनेत तपासता येते. ओउलू विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभासाठी लिहिलेल्या या कॉन्चेर्टोत एकल वादकाची जागा उत्तर फिनलंडमधील पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणाने घेतली आहे.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने षड्ज मोराशी, तर पंचम कोकिळेशी जोडला. तेथे पक्ष्याचा आवाज स्वरव्यवस्थेत सामावतो. राउतावारांकडे तो स्वतंत्र राहतो व वाद्ये त्याच्याभोवती वावरतात. लोणार सरोवराकाठचे पक्षी ऐकलेल्या बुलढाण्याच्या श्रोत्याला हा भेद सहज उमगेल.

तिसऱ्या भागात हंसांच्या स्थलांतरासोबत वाद्यवृंद चढत जातो. परिणाम भव्य असला तरी तो अपेक्षित वाटतो. याउलट दुसऱ्या भागात चंडोलवर्गीय पक्ष्याचे गाणे दोन सप्तके खाली उतरवले आहे. त्यामुळे परिचित पक्षी अनोळखी होतो आणि श्रोता थबकतो. रचनेतील खरी गूढता येथेच आहे. ती निसर्गातून आयती आलेली नाही, ध्वनीवरील या साध्या संस्कारातून घडली आहे. म्हणूनच 'गूढवादी' हे विशेषण या रचनेला सरसकट लावणे समीक्षेच्या दृष्टीने अपुरे ठरते.