प्रतीक म्हणण्याची घाई

कवितेत एखादी वस्तू किंवा जागा आली की आपण लगेच तिला ‘प्रतीक’ म्हणून मोकळे होतो. पण आधी प्रतिमा, मग प्रतीक. प्रतिमा डोळ्यांना, नाकाला, कातडीला जाणवते. प्रतीक त्यापलीकडचा अर्थ वाहतं.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ घ्या. परीक्षेच्या उत्तरात तो ‘शोषणाचं प्रतीक’ ठरतो. ते खोटं नाही. पण गोलपिठा ही मुंबईतल्या कामाठीपुरा परिसरातली खरी जागा आहे. संग्रहाची प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले होते.

थेट प्रतीकावर उडी मारली, की तिथली माणसं गायब होतात आणि हाती एक स्वच्छ शब्द तेवढा उरतो. आधी ती वस्ती दिसू द्या. अर्थ मागून येईलच.