डेल्फीचा कौल आणि हिरोडोटसची कथा

ग्रीक देवस्थानांविषयीं आमच्या सुशिक्षित वाचकांचा जो समज आहे, तो बहुतेक हिरोडोटसच्या एका कथेवरून बनलेला आहे. लिडियाचा राजा क्रीसस डेल्फीस विचारतो कीं, इराणावर स्वारी करावी काय? उत्तर येतें कीं, केल्यास एक मोठें राज्य लयास जाईल. पुढें लयास जातें तें त्याचेंच राज्य. इ. स. पूर्वी ५४६ च्या सुमारास सार्डिस पडलें हा इतिहास होय. परंतु तें द्व्यर्थी उत्तरही इतिहासच आहे काय?

‘प्रॉफेटेस’ ह्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ देवाच्या वतीनें बोलणारा असा आहे. भविष्य सांगणारा हा अर्थ मागाहूनचा. म्हणून ‘भविष्यवाणी’पेक्षां आपला ‘कौल’ हा शब्द आम्हांस अधिक जवळचा वाटतो. कोंकण-गोमंतकांतील देवळांत मूर्तीस लावलेली पाकळी उजवीकडे पडते कीं डावीकडे, हें पाहणारा मनुष्य भविष्य जाणूं इच्छीत नाहीं; त्यास अमुक करूं कीं नको, एवढेंच हवें असतें. डोडोना येथील झ्यूसच्या देवस्थानांत सांपडलेल्या शिशाच्या पत्र्यांवर असेच प्रश्न कोरलेले आहेत. त्यांवरील ४,००० हून अधिक लेख २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. लिसॅनियास नांवाचा गृहस्थ विचारतो कीं, ॲनिलाच्या पोटांतलें मूल माझें नव्हे काय? दुसऱ्या एकास मेंढ्या पाळणें किफायतशीर होईल कीं नाहीं, ही विवंचना आहे. (देवांचाही संसार आमच्या कारकुनांपेक्षां फारसा निराळा दिसत नाहीं!) स्वतः डेल्फीचा पुजारी असलेला प्लुटार्क हेंच सांगतो: लग्न, समुद्रप्रवास, कर्ज.

जोसेफ फाँटनरोझ ह्यांनीं १९७८ सालीं डेल्फीच्या उत्तरांची छाननी करून दाखविलें कीं, विश्वसनीय उत्तरें बहुधा सरळ आहेत. कोडीं आहेत तीं दंतकथांत. हा निष्कर्ष आम्हांस पटतो. तेवढ्यावरून हिरोडोटसास थापाड्या ठरविणें मात्र पटत नाहीं. त्याचें लक्ष देवावर नसून ऐकणाऱ्यावर आहे. कांसव आणि कोंकरूं एकत्र शिजवून, ‘मी आतां काय करीत आहें?’ असें विचारीत ज्यानें देवाची परीक्षा घेतली, तोच चतुर राजा ‘कोणाचें राज्य?’ एवढें विचारण्यास विसरला!

ह्या कथेशेजारीं इ. स. पूर्वी ४८० चा प्रसंग वाचावा. लाकडी तट तारील, असा कौल अथेन्सला मिळाला होता. त्याच कौलांत सॅलॅमिस येथें माणसें मरतील असेंही होतें, म्हणून धंदेवाईक अर्थ सांगणाऱ्यांनीं लढूं नये असा सल्ला दिला. थेमिस्टोक्लीसनें एका विशेषणावर बोट ठेवलें: मरणारे आपण असतों तर कौलांत सॅलॅमिसला ‘दिव्य’ न म्हणतां ‘क्रूर’ म्हटलें असतें, आणि तट म्हणजे आपलीं गलबतें. आमच्या मतें साहित्यसमीक्षेनें राष्ट्र वांचविल्याचें दुसरें उदाहरण सहसा सांपडणार नाहीं. सभेनें दोन्ही अर्थ ऐकले आणि त्याचा पत्करला. लाकडी तटाचा शब्दशः अर्थ घेऊन अक्रोपोलिसवर कुंपण घालून बसलेले थोडे लोक इराण्यांच्या हातून मारले गेले.